साडेचारची बस आणि नववीचा फळा

मी एक जुना लाकडी फळा आहे, मित्रांनो, आणि मला डस्टरचा मार अजिबात आवडत नाही. हे मी सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण आजवर मला मारणारे सगळे शिकलेले लोक होते.

तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यात जैनथच्या बाजूला, पैनगंगेच्या अलीकडे एक गाव आहे. तिथल्या मराठी शाळेत नववीच्या वर्गात मी टांगलेला आहे. चाळीस वर्षांपूर्वी गावच्या चंपतराव सुतारांनी मला सागवानाच्या तीन फळ्या जोडून बनवलं. जुन्या सेलमधली काळी पूड आणि हिरवा पाला घासघासून पोरांनी मला काळं केलं. भिंतीत दोन मोठे खिळे ठोकले आणि मला वर चढवलं. तेव्हापासून माझं तोंड वर्गाकडे आहे.

ही गोष्ट नीट लक्षात घ्या. शिक्षक लिहायला वळतात तेव्हा त्यांची पाठ वर्गाकडे असते. त्या वेळी मागे काय चाललं आहे ते त्यांना दिसत नाही. मला दिसतं. कोण कोणाची वेणी बाकाला बांधतो, कोण बोरं खातो, कोण कोणाच्या वहीवर मिशा काढतो, सगळं दिसतं. पण मला सांगता येत नाही. चाळीस वर्षं मी असा जीव दाबून लटकलो आहे.

माझे चांगले दिवसही होते. दौलत गुरुजी माझ्यावर असा नकाशा काढत की एकदा आदिलाबादहून आलेले तपासणी अधिकारी तो पुसू नका म्हणाले. आठ दिवस मी तो नकाशा अंगावर मिरवला. पुढे गुरुजी निवृत्त झाले. मग दोन वर्षांपूर्वी माझ्या शेजारी एक मोठा चकचकीत पडदा लागला. त्यावर चित्रं हलतात, गाणी वाजतात. मला बाजूला सरकवलं आणि माझ्याकडे तारीख, वार आणि हजेरी एवढंच काम उरलं. वीज गेली की मात्र सगळ्यांना मी आठवतो, आणि आमच्याकडे वीज रोज जाते.

नव्या शिक्षकांचं मला फार वाटतं. तेवढाच त्यांचा रागही येतो. इस्त्रीचे कपडे घालून येतात, पहिल्या दिवशी गोड बोलतात, तिसऱ्या दिवशी डस्टर उचलतात. "गप्प बसा!" आणि धाड! खडूची धूळ खाली बसेपर्यंत वर्ग गप्प असतो. धूळ बसली की पुन्हा कल्ला. मग आणखी जोरात धाड! अरे, मी काय केलं आहे? मी तर वर्गातला एकटा गप्प बसलेला!

दसऱ्याच्या सुट्टीनंतर मैत्री मॅडम आल्या. वय पंचविशीचं, पहिलीच नोकरी, विषय गणित. वडील आदिलाबादला कारकून. पोरगी शिक्षिका झाली म्हणून त्यांनी गल्लीत पेढे वाटले होते, असं मॅडमनी स्वतःच वर्गाला सांगितलं. मग हसून म्हणाल्या, "मला मॅडम समजू नका. मैत्रीण समजा. माझं नावच मैत्री आहे."

मला घाम फुटायचा तेवढा बाकी राहिला.

तिसऱ्या बाकावर खिडकीजवळ पंकज बसतो. वर्गातला सगळ्यात उंच पोरगा, आवाज फुटलेला, आणि चाळीस पोरांना एका डोळ्याच्या इशाऱ्यावर हसवणारा. तो लगेच म्हणाला, "मैत्रीण, आज गणित नको वं."

वर्ग इतका हसला की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले. मॅडमही हसल्या. त्यांना वाटलं, जमलं आपलं.

आठ दिवसांत काहीच जमत नाही हे कळलं. मॅडम माझ्याकडे वळल्या की मागून आवाज यायचा, "हूंऽऽऽ". ओठ मिटलेले, मान वहीत, पेन्सिल चालू, आणि घशातून भुंग्यासारखी गुणगुण. पंकज सुरू करायचा. शेजारचा बंडू ती उचलायचा. मग मागचे दोन बाक. मॅडम वळल्या की चाळीस संत. मी ओरडत होतो मनातल्या मनात, तिसरा बाक, बाई, तिसरा बाक!

मॅडमनी सगळं करून पाहिलं. "आता आवाज आला तर सगळ्यांना बाहेर काढीन." आवाज आला, कोणालाही काढलं नाही. "प्रत्येकाच्या घरी चिठ्ठी जाईल." एकही चिठ्ठी गेली नाही. एकदा तीन पोरांना हेडमास्तर उद्धवराव सरांकडे पाठवलं. सर तेलुगूतला कसलासा फॉर्म भरत होते. त्यांनी मान वर न करता पोरांना झाडांना पाणी घालायला सांगितलं. पोरं भिजून, खूश होऊन परत आली. दुसऱ्या दिवशी सहा जण स्वतःहून जायला तयार!

मग माझ्या अंगावर यादी आली, 'गडबड करणाऱ्यांची नावे'. ती लिहायचं काम मॉनिटर सुनयनाकडे. सुनयना ज्याच्याशी भांडली त्याचं नाव वर. मैत्रिणींची नावं नाहीत. मॅडम येण्याआधी बंडू बाहीने आपलं नाव पुसायचा आणि तिथे सुनयनाचं लिहायचा. मी एवढा चांगला सागवान, आणि माझ्यावर ही चहाडी!

डिसेंबरात एका मंगळवारी शेवटचा तास होता. वीज गेलेली. मॅडम माझ्यावर समीकरण सोडवत होत्या आणि मागून गुणगुण सुरू झाली. त्या वळल्या. शांतता. पुन्हा लिहू लागल्या. पुन्हा गुणगुण. चौथ्यांदा त्यांनी डस्टर उचललं आणि सगळी ताकद लावून माझ्यावर हाणलं. माझा डावा खिळा निसटला. मी एका बाजूने धाडकन खाली आलो आणि तिरका लटकलो. खडू, पट्टी, हजेरीचं रजिस्टर, सगळं जमिनीवर.

वर्ग पोट धरून हसला. मॅडमचे डोळे भरले. त्या डोळ्यांतलं पाणी फक्त मला दिसलं, कारण त्या माझ्याकडे वळल्या होत्या. पुन्हा वर्गाकडे फिरल्या तेव्हा तिथे राग होता.

"ज्यानं आवाज केला त्यानं उभं राहायचं. तो उभा राहीपर्यंत कोणीही घरी जाणार नाही."

कोणी उभं राहिलं नाही. सव्वाचारला घंटा झाली. बाकीचे वर्ग सुटले. मधल्या रांगेतल्या दीपमालाने हात वर केला. ही पोरगी वर्गात क्वचितच बोलते. नदीकडच्या गावातून रोज बसने येते.

"मॅडम, माही साडेचारची बस हाये."

"बस असो की विमान असो! कोणी हलायचं नाही."

"मॅडम, त्याच्यानंतर बस नाही."

"एकदा सांगितलं ना!"

दीपमाला बसली. थोड्या वेळाने रस्त्यावर हॉर्न वाजला. मग पुन्हा एकदा वाजला. कंडक्टर शाळेच्या पोरांची वाट पाहायचा. मग बस गेल्याचा आवाज आला. दीपमाला खिडकीकडे बघत होती. पंकजने तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. पण तो उभा राहिला नाही.

पावणेपाचला मॅडमनी हार मानली. "जा सगळे," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी हजेरीत दीपमालाच्या नावाला उत्तर आलं नाही. गुरुवारीही नाही. मी अजून तिरकाच लटकत होतो. मॅडम माझ्यावर लिहीत, तेव्हा सगळी समीकरणं उतरणीला लागत.

शुक्रवारी भर तासात दारात एक बाई उभ्या राहिल्या. हाताला कापसाच्या बोंडांचे ओरखडे, पदर कमरेला खोचलेला.

"नववीच्या मॅडम कोन्त्या?"

"मी."

"मी दीपमालाची माय, मालनबाई. टीसी पायजे. सर मनले, आंधी मॅडमची सही आना."

"टीसी? शाळा सोडायचा दाखला? वर्षाच्या मध्येच? का?"

"पोरगी आता घरी राह्यन. माह्यासंगं कापूस येचाले येईन."

"तिला शाळा आवडत नाही का?"

"आवडते ना. तीन दिवसापासून रडून राह्यली." मालनबाईंचा आवाज चढला नव्हता. सगळा वर्ग ऐकत होता. "मंगळवारी दिवस बुडला तरी पोरगी घरी आली नाही. तिचा बाप अन् मी रस्त्यानं हाका मारत निंगालो. नाल्याच्या पुलापाशी भेटली. दोन पोट्टे मोटरसायकलवर तिच्या मांगं मांगं येऊन राह्यले होते, गाणे मनत. पोरगी चपला हातात घिऊन पळून राह्यली होती जी."

मॅडमनी हातातला खडू खाली ठेवला.

"येक सांगा मॅडम. वर्गात आवाज तिनं केलता काय?"

"नाही."

"मंग तिले काऊन बसवलं?"

मी चाळीस वर्षांत खूप प्रश्न अंगावर घेतले आहेत, मित्रांनो, पण या प्रश्नापुढे मलाही लाज वाटली.

"माझी चूक झाली," मॅडम म्हणाल्या. हळू नाही, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या.

"तुमी चूक मनता, बरं हाये. पर मले आता भेव लागते. सही करा."

"आज करत नाही. रविवारी मी तुमच्या घरी येते. तिच्या वडिलांसमोर बोलते. त्यानंतरही तुम्ही म्हणालात, तर सही करते."

मालनबाईंनी कमरेचा पदर सोडून डोक्यावर घेतला आणि निघून गेल्या.

डस्टर टेबलावर पडलेलं होतं, कोणी त्याला हात लावला नव्हता. मॅडम म्हणाल्या, "मंगळवारी मी एकाचा राग चाळीस जणांवर काढला. तसं पुन्हा होणार नाही." आणि पुढचं गणित घेतलं. आकडे वाकडे आले, पण घेतलं.

तास संपल्यावर पंकज मागे थांबला.

"मॅडम, तो आवाज म्या केलता."

"मला तुझाच संशय होता."

"मंग नाव काऊन नाही घेतलं?"

"खात्री नव्हती. म्हणून सगळ्यांना कोंडलं."

पंकजने हात पुढे केला. "मारा."

"हात खाली घे. रविवारी माझ्यासोबत दीपमालाच्या घरी येशील?"

"तिच्या बापासमोर?"

"हो."

"मॅडम," तो रडवेला होऊन म्हणाला, "मारलं असतं तं परवडलं असतं."

शनिवारी दौलत गुरुजी आले. ते दर शनिवारी शाळेत पेपर वाचायला येतात. मधल्या सुट्टीत मॅडमनी त्यांना रिकाम्या वर्गात गाठलं.

"सर, तुमच्या वर्गात म्हणे कोणी चूं करत नव्हतं. कसं केलंत तुम्ही?"

गुरुजी मोठ्याने हसले. "कोन मनलं? पहिल्या साली मी या फळ्यावर इतकं डस्टर आपटलं की त्याची मधली फळी फाटली. हे पाह्य." त्यांनी माझ्या पोटावरची चीर दाखवली.

मित्रांनो, मला कबूल करायला हवं. ती चीर कोणामुळे पडली हे मी सोयीस्कर विसरलो होतो. नकाशा तेवढा लक्षात ठेवला.

"एका दुपारी मी राजीनामा लिवला होता," गुरुजी म्हणाले. "हेडमास्तर रजेवर होते म्हणून वाचलो. बरं, मला सांग बेटा, पोरं वर्गात येतात तेव्हा तू कुठं असते?"

"फळ्यावर तारीख लिहीत असते."

"म्हणजे पाठ त्यांच्याकडं. तारीख आंधी लिहून ठेव. तू दारात उभी राहा. एकेकाचं नाव घे, तोंडाकडं पाह्य. कोण घरून भांडून आला, कोण उपाशी आला, तिथंच कळते. अन् जे तू करणार नाही ते बोलू नको. आपण इसरतो, पोरं इसरत नाहीत."

"आणि तरीही गडबड झाली तर?"

"होईलच ना. नववी हाये ते."

रविवारी शाळेला कुलूप होतं. त्या दिवशी काय झालं ते मला सोमवारी कळलं, कारण पंकज आणि बंडू सकाळी लवकर येऊन मला नीट टांगत होते. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. बंडूने घरून मोठा खिळा आणला होता. पंकज मला खांद्यावर धरून बोलत होता.

"तिचा बाप काहीच नाही मनला बे. नुसता पाह्यत होता. म्या मनलं, काका, आवाज म्या केलता, दीपमालाचा काहीच गुन्हा नाही. मंग त्यानं इचारलं, तुले बहीण हाये काय? म्या मनलं, हाये. बस. चा देला."

"चा पेला तू?"

"गळ्याखाली जाऊन नाही राह्यला होता."

"अन् मॅडम?"

"मॅडम मनल्या, रोज मी सोता तिले बसमंधी बसवून देईन. तो मनला, पाहू."

'पाहू' वर सगळं अडकलं. मॅडमनी रोज हजेरी घेतली. रोज ते नाव घेतलं. रोज उत्तर नाही. सुनयना म्हणाली, "मॅडम, नाव कापून टाकू का?" मॅडम म्हणाल्या, "नाही."

मधल्या काळात मॅडम दारात उभ्या राहू लागल्या. पोरं आत येण्याआधीच माझ्यावर एक गणित तयार असे. आल्या आल्या ते सोडवायचं. गडबड झाली की मॅडम बोलणं थांबवून वर्गाच्या मधोमध उभ्या राहत. पहिल्यांदा असं थांबल्या तेव्हा माझाच धीर सुटत होता. किती वेळ! मग पोरंच एकमेकांना म्हणू लागली, "गप ना बे." पंकजला पहिल्या बाकावर आणलं, तर गुणगुण बंडूने चालू ठेवली. मॅडम न ओरडता त्याच्या बाकापाशी गेल्या, त्याच्या वहीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "दुसरी पायरी चुकली आहे." बंडूचे कान लाल झाले. गुणगुण थांबली.

रोज असं छान होत होतं असं समजू नका. एका दिवशी मॅडम पुन्हा ओरडल्या. डस्टर उचललंसुद्धा. मी सगळं अंग आवळून घेतलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, खिळ्याकडे पाहिलं, आणि डस्टरने माझ्यावरची तारीख पुसून पुन्हा तीच तारीख लिहिली. मला जरा बरं वाटलं.

संक्रांतीची सुट्टी संपली आणि पहिल्याच सकाळी मॅडम दारात नावं घेत होत्या. पंकज. बंडू. सुनयना. मग त्यांचा आवाज थांबला. मग म्हणाल्या, "दीपमाला."

दीपमाला आली होती. बापाचं 'पाहू' सुट्टीत 'जा' झालं होतं. तिने मान हलवली, आत आली आणि आपल्या जागेवर बसली. मॅडमशी एक शब्द बोलली नाही. पुढच्या तीन आठवड्यांतही बोलली नाही. चार वाजले की तिची नजर माझ्यावरून खिडकीकडे जाई. मॅडम चार वाजून दहा मिनिटांनी शेवटचं गणित संपवत, घंटा झाली की सगळ्यांच्या पुढे फाटकापाशी जात आणि बस वळणाआड जाईपर्यंत उभ्या राहत. आदिलाबादकडे जाणारी त्यांची स्वतःची गाडी त्यामुळे दोनदा चुकली.

फेब्रुवारीत एका दुपारी वीज गेलेली होती, म्हणजे काम माझ्याकडे होतं. मॅडम भराभर समीकरण सोडवत होत्या. मागून कोणीतरी म्हणालं, "मॅडम, तिथं वजा पायजे."

मॅडम वळल्या. बोलणारी दीपमाला होती.

"कुठं?"

"तिसऱ्या ओळीत. पलीकडं नेताना चिन्ह बदललं नाही तुमी."

वर्गात "ओऽऽ" असा आवाज झाला. मॅडमनी माझ्याकडे नीट पाहिलं. चूक होती.

"बरोबर आहे. ये, तूच लिही."

दीपमाला उठून माझ्याजवळ आली. नऊ महिन्यांत तिने मला कधी हात लावला नव्हता. तिने खडू घेतला, एक छोटी आडवी रेघ काढली, आणि मग मागे न जाता पुढच्या दोन ओळीही सोडवल्या. उत्तराखाली दोन रेघा मारल्या. हात झटकले आणि जागेवर जाऊन बसली. मॅडम पुढचं गणित लिहायला माझ्याकडे वळल्या, आणि मागे कोणीही गुणगुणलं नाही.

मित्रांनो, एवढं सगळं झालं आणि मला वाटलं आता आपल्याला शांततेचं म्हातारपण लाभेल. कुठलं काय! याच आठवड्यात शेजारच्या आठवीला भैंसा गावाकडून हर्षदीप सर नवीन आले आहेत. इस्त्रीचा शर्ट, गोड आवाज. आज त्यांचा तिसरा दिवस. सकाळपासून भिंतीपलीकडून ऐकतो आहे. "गप्प बसा!" धाड! भिंत हादरते, माझा नवा खिळाही हादरतो. मैत्री मॅडम दोनदा दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या. मधल्या सुट्टीत त्या त्यांच्याशी बोलतील असं दिसतं. लवकर बोला, बाई!

माझं मागणं फार नाही. पोरांनो, घशातून गुणगुणायचंच असेल तर मधल्या सुट्टीत मैदानावर गुणगुणा, आणि तुमच्या खोडीची शिक्षा दुसऱ्याला मिळत असेल तर लगेच उभे राहा, तीन दिवसांनी नाही. आणि नव्या शिक्षकांनो, तुमचा राग मला समजतो, मी तो चाळीस वर्षं अंगावर घेतला आहे. पण मला मारून वर्ग गप्प होत नाही. चाळीस पोरांना एकत्र कोंडून तर मुळीच नाही. ज्याच्यावर रागवायचं त्याच्यावरच रागवा, हळू बोला, आणि शेवटची घंटा झाली की दार अडवू नका. बाहेर रस्त्यावर कोणाची तरी बस उभी असते.